मेजर आधी पाय बघायचे

मेजर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायचे, आधी पायाकडे. लग्नघरी असोत नाहीतर दूध डेअरीवर, समोरच्याने रामराम घातला की यांची नजर खाली. खरे तर ते मेजर नव्हतेच. लष्करी दवाखान्यात मलमपट्टी करणारे हवालदार म्हणून निवृत्त झाले. पण आमच्या इस्लामपूरकडच्या गावांत फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच. "आवं, मी हवालदार होतो," असे ते सांगायचे आणि लोक म्हणायचे, "व्हय मेजर."

सकाळी दूध घालायला रांग लागली की ते डेअरीच्या कट्ट्यावर शुगर तपासायचे छोटे मशीन घेऊन बसत. पहिला प्रश्न ठरलेला, चहा झाला का? झाला असेल तर म्हणायचे, उद्या या. उपाशीपोटीचा आकडा आणि चहानंतरचा आकडा त्यांनी कधी एका दावणीला बांधला नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी दिलेली एक पुस्तिका खिशात असे. मधुमेह कधी म्हणायचा नि कधी नाही, सगळे त्यात. उपाशीपोटी एकशे सव्वीस किंवा वर आले तरी ते घाबरवत नसत. "एकदा सापडला म्हणून चोर ठरत न्हाई. दवाखान्यात परत बघायचं, मग नाव घ्यायचं." माझेही नाव असे दोनदा बघूनच घेतले गेले, आणि गोळ्या सुरू झाल्या.

आता माझी लबाडी सांगते. तपासणीच्या आधी दोन दिवस माझा चहा बंद, भात बंद, नुसती भाकरी नि मेथी. आकडा असा गुणी यायचा की मी आळीभर सांगत फिरायची. तपासणी झाली की गुऱ्हाळावरची काकवी परत ताटात. गुळाला साखरेत धरायची आमच्यात पद्धतच नाही ना! मेजरांना संशय आला असावा. डॉक्टरांना सांगून त्यांनी मला तीन महिन्यांची साखर एकदम सांगणारी रक्ताची तपासणी करायला लावली. तिच्यात साडेसहा टक्क्यांपासून पुढे मधुमेह धरतात, माझे साडेनऊ. मी म्हटले, मशीन खोटे.

"वैनी, उसाच्या एका मोळीवरनं कारखान्याचा साखरेचा उतारा कळतो व्हय? सगळा हंगाम बघायला लागतो."

रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण तीन-चार महिने जगतात आणि खाल्लेली साखर त्यांना चिकटून राहते, असे त्यांनी समजावले. म्हणजे मी विसरलेली काकवी माझ्या रक्ताने ध्यानात ठेवली होती! मला इतके नवल वाटले की रागवायचे राहूनच गेले. मी सातवी शिकलेली बाई, पण ती पुस्तिका मी मागून घेतली आणि बोट ठेवून ठेवून वाचली.

तिच्यात पायांचे एक पान होते, अनवाणी चालू नका म्हणणारे, आणि तिथेच माझे अडले. मुलगा फौजेत भरती झाला तेव्हापासून नवरात्राचे नऊ दिवस मी अनवाणी राहायची. तो तिकडे सीमेवर. इथून त्याच्यासाठी करण्यासारखे माझ्या हातात दुसरे काय होते? नवरात्र आठवड्यावर आलेले. मेजरांनी मला डोळे मिटायला सांगितले आणि नायलॉनचा एक बारीक धागा काढला. तळव्याला टेकला की सांगा, म्हणाले. मी वाट बघत बसले. शेवटी विचारले, "कवा सुरू करणार?"

"झालं की," ते म्हणाले. "दोन्ही पायांचं."

मी डोळे उघडून माझे तळवे बघू लागले. तेव्हा त्यांनी स्वतःचा मोजा उतरवला. घरातही बूटमोजे घालतात म्हणून आम्ही फौजी ऐट म्हणून हसायचो. डाव्या पायाची दोन बोटे नव्हती. "मला बी ह्योच आजार. बुटातला खिळा आठवडाभर रुतत होता, मला पत्ता न्हाई. आन् मी दुसऱ्यांच्या जखमा बांधत होतो." मग मोजा चढवता चढवता म्हणाले, "तुमचा पाय बोलायचा बंद झालाय, वैनी. त्यो सांगणार न्हाई. आता डोळ्यानं बघायचं."

नवस मोडा, असे ते एकदाही म्हणाले नाहीत. घटाच्या दिवशी मी चपला घालून निघाले. शेजारची शांताबाई दारातूनच म्हणाली, "देवीपरास मेजर मोठं झालं काय गं?" मी मान खाली घालून चालले. देवळाशी मेजर उभे. पायरीवर चपला चोरीला जातात म्हणून माझ्या चपला त्यांनी उचलल्या आणि सगळ्या आळीदेखत हातात धरून उभे राहिले. मी दर्शन घेऊन आले तशा पुन्हा पायाशी ठेवल्या. नऊ दिवस.

नेमका त्याच नवरात्रात पोराचा फोन येईना. पाचव्या दिवशी मी उंबऱ्यात चपला काढून ठेवल्या आणि तशीच बसून राहिले. मेजर आले, माझ्या पायाकडे बघितले. "डोंगरात रेंज नसती. मी तिथं काढल्यात वर्सं," एवढेच बोलले आणि माझ्याबरोबर बसून राहिले. बऱ्याच वेळाने मी चपला घातल्या. आठव्या माळेला फोन आला. तो काय बोलला ते आठवत नाही, मी नुसती रडले.

गेल्या पौषात मेजर गेले. हृदयविकाराने, बसल्या जागी. लोक पाया पडत होते. मी पडले तेव्हा तळवे वाकून बघितले. स्वच्छ होते. त्यांचा दाढीचा आरसा त्यांच्या सुनेने मला दिला. रोज दिवेलागणीच्या आधी तो खाली धरून मी तळवे बघते. तोंड बघायला तो काही मी वापरत नाही.

या दिवाळीत मुलगा सुट्टीवर आला. ट्रंक खाली ठेवून दारात उभा राहिला, मी भाकरीचे हात पुसत पुढे झाले.

"आई," तो म्हणाला, "बूट मग बघ की. आधी तोंडाकडं तरी बघ."