आवळलेला श्वास

देवीवर माझा विश्वास आहे, पण त्या दिवसांत मी तिच्यावर चांगलाच रागावलो होतो. वाशीमजवळ आमचा भाजीचा मळा आहे. पालकाला पाणी देताना चिखलात पाय घसरला आणि उजवी बाजू धुऱ्याच्या बांधावरच्या दगडावर आदळली. फोटो काढला, फासळी मोडली नव्हती, मुका मार होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि जपायला सांगितलं. पण मला कुठला दम निघतो! बायकोनं जुन्या लुगड्याचं फडकं देवीच्या पायाशी ठेवून आणलं आणि मी ते छातीभोवती गच्च बांधलं. उभा जन्म भाजीच्या जुड्या बांधण्यात गेलेला, माझी गाठ सैल कशी पडेल? "देवीचं हाये, सोडू नोका," असं बायकोनं बजावलं.

दुखणं कमी झालं, पण दमा उठला. दमा मला तरुणपणापासून आहे, एरवी पंप ओढला की निभतं. आता पंप ओढूनही छाती मोकळी होईना. बोलता बोलता वाक्य अर्ध्यात तुटायचं, विहिरीपर्यंत गेलो की छातीतून शिट्टी वाजायची, आडवं पडलं की जीव घाबरा व्हायचा. मला वाटायचं, फडकं ढिलं झालं असेल, देवीचा हात सुटला असेल. म्हणून रोज गाठ आणखी आवळायचो आणि मनातल्या मनात तिच्याशीच भांडायचो. बाई, एवढं तुझं नाव घेतो, अन् तुले माझा श्वास जड झाला काय? मरणाची भीती वाटत होती, हे सरळच सांगतो.

शेवटी बायको मंगरूळपीरच्या दर्ग्याला नवस बोलली. मी चिडलो. "देवी पुरली नाही, आता पीर काय?" ती म्हणाली, "तुमी चला तं खरं. वाद मंग घाला." एसटीतून उतरून दर्ग्यापर्यंत पोचलो आणि पायरीवर बसलो तो उठवेना. बायको फुलं घेऊन आत गेली. खांदे वर ओढून मी हवेचा घोट घोट घेत होतो. तो आत जातच नव्हता.

शेजारी बुरख्यातली एक वयस्कर बाई बसली होती. माझ्या सदऱ्याखालचा फुगवटा तिला दिसला असावा.

"भाऊ, हे काय बांधून राह्यले?"

"फासळीले... लागलं."

"मंग इतकं आवळते का कोनी? मानूस हाये का सांबाराची जुडी?"

कोथिंबिरीच्या जुड्या बांधणाऱ्यालाच ती हे विचारत होती! तशा अवस्थेतही मला हसू आलं आणि हसू येताच बरगडीत कळ उठली. मी म्हटलं, "देवीचं हाये... सोडता येत नाही."

"देवीचं हाये तं डोक्याले बांधा. छाती तं हालू द्या."

मी गाठ सोडली. पहिला मोठा श्वास सुरीसारखा गेला. डोळ्यांत पाणी आलं. "दुखते तं दुखू द्या. घ्या," ती म्हणत राहिली. घेत गेलो. थोड्या वेळानं पंप ओढला, आणि कितीतरी दिवसांनी औषध आत खोलवर उतरल्यासारखं वाटलं. बायको बाहेर आली तेव्हा ती बाई गर्दीत निघून गेली होती. आभार मानायचे राहूनच गेले.

परतताना वाशीमला डॉक्टरांकडे गेलो. ते संतापलेच. म्हणाले, छाती बांधली की श्वास उथळ होतो. मोठ्या श्वासानं आतल्या नळ्या ताणल्या जातात, उघड्या राहतात. तो ताण मिळाला नाही की त्या आखडून बसतात, आणि दम्याच्या माणसाच्या तर फारच. मी मान खाली घालून ऐकलं. दुखू नये म्हणून मी श्वासालाच कोंडलं होतं, आणि त्या भीतीला श्रद्धा म्हणत होतो. देवीनं धरून ठेवावं म्हणून मी गाठ मारत होतो. ती बिचारी मला सोडायला सांगत असेल. ती बाई कोण होती, कोणाच्या सांगण्यावरून बोलली, याचा खल मी करत नाही. माझ्यासाठी वेळेवर कोणी आलं, एवढं पुरे.

काही दिवसांनी संध्याकाळी ओसरीत आडवा झालो होतो. बायको शेजारी मेथी निवडत होती. अचानक तिनं हातातली मेथी टाकली आणि घाबरून माझ्या छातीवर हात ठेवला.

"का झालं?" मी विचारलं.

"तुमचा श्वास ऐकू येऊन नाही राह्यला," ती म्हणाली.

शिट्टी थांबली होती. तिचा हात माझ्या छातीवर वर जात होता, खाली येत होता. ती रडत होती, हात मात्र काढत नव्हती. मी पडल्या पडल्याच हात जोडले. कोणाला जोडले, हे तिनं विचारलं नाही.