चाखल्याबिगरचं मीठ

आमच्या गावच्या मारुतीच्या भंडाऱ्यात वांग्याची भाजी मोठेबाबा करतात. मोठेबाबा म्हंजे माह्या बाबाचे मोठे भाऊ. भाजी साऱ्या गावाले पुरेल एवढी, अन् नियम एकच: नैवेद्य दाखोल्याशिवाय कोनाच्या जिभेले काई लागलं नाई पायजे. सैपाक्याच्याबी नाई. तरी मीठ दरसाल बरोबर.

हेच मंदिराच्या अध्यक्षाले खुपत होतं. औंदा त्यानं मले मंडपामांगं नेलं.

"चाखल्याबिगर एवढं बरोबर कसं काय? तुह्या मोठेबाबावर नजर ठेव. चाखताना सापडले तं पुढच्या सालापासून भाजी हालवाचा सराटा दुसऱ्याच्या हातात."

"अवश्य, अवश्य," मी त्याच्याच आवाजाची नक्कल करत म्हनलं. त्याले वाटलं, पोरगं लय आदबशीर हाय.

खरं सांगू, शंका मलेबी होतीच. माइक माह्याकडे होता. तोंडानं "चपला बाहेर काढा" म्हनत होतो अन् डोये कढईवर. मोठेबाबानं तोंडाले दुपट्टा बांधला होता. काहून? आतमधी जबडा हालून राह्यला का? काई दिसे ना. मंग ऐन मीठ टाकाच्या टायमाले त्यायनं सराटा ठेवला अन् घराकडे निंगाले. मी मोबाइल काढून मांगंमांगं.

खिडकीतून पाह्यलं तं चुलीवर बारकी कढई, अन् मोठेबाबाची बायको, आमची मोठीआई, बोट चाटून राह्यली.

"सापडले!" मी अध्यक्षाच्या आवाजात ओरडलो. मोठेबाबाच्या हातची वाटी खाली पडली.

मले पाह्यलं अन् त्यायनं दुपट्टा खाली केला. भाजीत थुंकी उडू नाई म्हनून बांधला होता म्हने.

"काय सापडलं बे? हे घरची भाजी होय. वांगे तेच, तिखट तेच, मीठबी तेच. इथं जमलं का मंग त्याच मापानं तिथं टाकतो. औंदा मिठाचं पोतं नवं हाय."

"सापडली तं मी हाय!" मोठीआई भडकली. "हप्ता झाला, दोन्ही टाइम वांगेच खाऊन राह्यलो!"

"एवढं कायले पन, मोठेबाबा? जरासं खारट झालं तं देव काय भांडाले येते का?"

"मानूस भांडते तरी. तो काईच बोलत नाई, म्हनून तं भेव वाटते."

मी अध्यक्षाले सारं सांगतलं. त्याले पटलं नाई. पंगतीत तीनदा भाजी घेतली, तिन्ही डाव शंकेनं चाटून पाह्यली. "मीठ बरोबर हाय," असा म्हनाला का जसा चोरच धरला. तेवढ्यात त्याची नजर मोठेबाबाच्या पत्रावळीवर गेली. रोडगे होते, वरन होतं, भाजीच नाई.

"पाहा! सोताच्या हातची सोता खात नाईत. काईतरी घोळ हाय! पुढच्या साली मी सोता नजर ठेवतो."

"ठेवा न भाऊ," मोठेबाबा म्हनाले. "हप्ताभर आंधीच घरी या. सराटा राहू द्या माह्याकडे, चाखाले तुमी बसा."

वाढता वाढता मोठीआई त्या हप्त्यात पयल्यांदा हासली, अन् अध्यक्षाच्या पत्रावळीवर चवथ्यांदा वांगं टाकलं.