जोगळेकरांचं चावरं झाड

वेळ दुपारी साडेतीन. स्थळ दुबईतल्या आमच्या इंग्रजी पेपरची न्यूजरूम. काळ नव्वदीचा. बातम्या दुसऱ्या दिवशी शिळ्या होतात, किस्से मात्र साचत जातात. आमच्याकडचे निम्मे एका कुंडीभोवती साचले!

ती कुंडी चीफ सब-एडिटर जोगळेकरांची. दक्षिण अमेरिकेतल्या सखल, कोरड्या मुलखातलं झाड. बुंधा सुरणासारखा फुगलेला, अंगभर बारीक काटेरी केस.

जोगळेकर बजावायचे, "हात लावू नका, चावतं."

मी रिपोर्टर! खात्री केल्याशिवाय छापत नाही. बोट लावलं आणि बोंबललो.

जोगळेकर शांतपणे म्हणाले, "झालं कन्फर्म?"

*

गणपतीत अकाउंट्सच्या शिर्केबाईंना एकवीस पत्री हव्या होत्या. वाळवंटात मिळणार कुठून? त्यांनी गुपचूप या झाडाला हात घातला. किंकाळी लिफ्टपर्यंत गेली!

जोगळेकर धावत आले. "पानं किती तोडलीत?"

"अहो, माझी बोटं बघा आधी!"

"बोटं बरी होतील हो!"

*

थंडीत झाडाची सगळी पानं गळली. अ‍ॅडमिनचे परांजपे म्हणाले, "डेड आहे. फेका."

"झोपलंय साहेब. फक्त पाणी घालू नका, कुजेल."

जोगळेकरांनी भिंतीवर चार भाषांत बोर्ड चिकटवला: 'पाणी घालू नये'. आमच्या ऑफिसात एकही चूक नसलेला तेवढाच मजकूर!

*

मग जोगळेकरांचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू झालं नाही. व्हिसा कॅन्सल, पुण्याचं तिकीट हातात. झाड विमानात नेता येईना. सतरा वर्षं नोकरी केलेला माणूस टेबलाटेबलापाशी जाऊन विचारत होता, "सांभाळाल का हो?"

सगळ्यांच्या घरी पोरं. माझी मुलगी फोनवर ओरडली, "बाबा, नो वे!" मी जोगळेकरांची नजर चुकवली. त्याची लाज अजून वाटते.

परांजपे म्हणाले, "उद्या कुंडी दिसली तर कचऱ्यात. खलास!"

मी त्यांच्याशी अर्धा तास भांडलो. "माणूस काढलात, आता झाडही काढा!" त्यांनी फाइलमधून मान वर केली नाही.

सकाळी कुंडी गायब. भिंतीवरचा बोर्डही कोणीतरी अलगद सोडवून नेलेला. मी तडक परांजप्यांच्या केबिनमध्ये घुसलो.

"फेकलीत ना शेवटी?"

साहेब डाव्या हाताने सह्या करत होते. उजवा मनगटापर्यंत लाल, टम्म सुजलेला.

"हाताला काय झालं?"

"मच्छर."

आमचं ऑफिस अकराव्या मजल्यावर होतं. खिडक्या उघडत नसत.