तेरा तारीख दोनदा

आमच्या कचेरीत तिला सगळे नाहीताई म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. तिला राग यायचा नाही, कारण राग येण्याइतकं लक्षच ती तिकडे देत नसे. जुनी वर्तमानपत्रं पानापानाने कॅमेऱ्याखाली धरून संगणकात भरायची, हे तिचं काम. महिन्याच्या खंडात एखाद्या दिवसाचा अंक नसला, की काळ्या पाटीवर खडूने ती तारीख आणि खाली ‘अंक उपलब्ध नाही’ असं लिहायचं आणि अंकाऐवजी त्या पाटीचा फोटो काढायचा, असा नियम होता. बाकीच्यांना पाटी लिहायचा कंटाळा. त्यांच्या वाटच्या पाट्याही तीच लिहून द्यायची. एकवीस वर्षांत अशा किती पाट्या झाल्या, ते संगणकालाच ठाऊक.

मी बाइंडर. अर्धं आयुष्य खंड शिवण्यात गेलं आणि आता तेच खंड उसवायला मला बोलावतात. शिवलेला खंड कॅमेऱ्याखाली सपाट बसत नाही, मधल्या घडीतली अक्षरं दिसत नाहीत, म्हणून आधी तो उसवावा लागतो. हे काम नवीन माणसांकडे दिलं की ती सरळ सुरी घेऊन कापत सुटतात. म्हणून निवृत्त होऊन पाच वर्षं झाली तरी साहेब मला सोडत नाहीत, आणि खरं सांगायचं तर माझ्यावाचून घरी कुणाचं अडतही नाही.

माझं टेबल तिच्या टेबलाला लागून. डबा खाताना ती खिडकीकडे बघत खायची आणि खिडकीबाहेर समोरच्या इमारतीची भिंत. मी एकदा म्हटलं, “ताई, त्या भिंतीत काय एवढं बघता?” तर म्हणाली, “काही नाही. डोळ्यांना आराम मिळतो.” संपलं संभाषण. माझ्यासारख्या बडबड्या माणसाला अशी शेजारीण म्हणजे शिक्षाच.

संशोधन करणारे लोक यायचे, त्यांच्याशी मात्र ती चार वाक्यं जास्त बोलायची. एक प्राध्यापक तावातावाने सांगत होते, मी सगळ्या संग्रहात शोध घेतला, एका जुन्या संपाची एक ओळसुद्धा कुणी छापलेली नाही, मी तसं पुस्तकात लिहिणार आहे. नाहीताई त्यांच्याकडे न बघता म्हणाली, “सापडलं नाही म्हणजे छापलं नाही, असं नसतं सर. यंत्राला बारीक टाइप नीट वाचता येत नाही. आणि अंकच नसेल तर यंत्र तरी काय करणार? आधी पाट्या किती आहेत ते मोजा.” प्राध्यापकांचा चेहरा पडला. मला फार बरं वाटलं.

ती स्वतः मात्र रोज सकाळी संगणक सुरू केला की शोधाच्या चौकटीत एक नाव टाकायची. उत्तर यायचं शून्य. ती चौकट पुसायची आणि कामाला लागायची. दोन वर्षं मी हे पाहिलं. तिसऱ्या वर्षी न राहवून विचारलं, तेव्हा तिने सांगितलं, तेही कुणा तिसऱ्याचं सांगावं तसं.

ते नाव तिच्या दादाचं. ती सात वर्षांची असताना तो अठराचा. एके दिवशी नोकरीच्या मुलाखतीला म्हणून बाहेर पडला तो परत आलाच नाही. पोलिसांत कळवलं, नातेवाइकांची घरं पालथी घातली, काही नाही. मग वडिलांनी दैनिकाच्या कचेरीत जाऊन ‘हरवले आहेत’ या सदरासाठी त्याचा फोटो दिला. घरात फोटो तेवढा एकच. अर्जांसाठी तीन प्रती काढलेल्या, त्यातल्या दोन अर्जांना चिकटून गेलेल्या. खिडकीवरचा माणूस म्हणाला, छापून झाला की परत मिळेल. फोटो चौदा तारखेला छापून आला, पण परत काही मिळाला नाही. वडिलांनी चार हेलपाटे घातले, दरवेळी उद्या या. तो अंक आईने गादीखाली जपून ठेवला होता. पुढे गच्चीवरची टाकी फुटली, रात्रभर खोलीत पाणी, आणि सकाळी त्या अंकाचा लगदा.

“मला त्याचा चेहरा आठवत नाही,” ती म्हणाली. “आईला आठवतो. तिला दाखवायचाय एकदा.”

ते दैनिक केव्हाच बंद पडलं होतं. त्यांच्या दप्तरातले खंड आमच्याकडे लाकडी पेट्यांतून आलेले, एका पेटीत एक वर्ष. पेट्या क्रमानेच उघडायच्या, मधलीच उघडली तर सगळ्या क्रमांकांचा घोळ होतो, असं साहेबांचं म्हणणं. तिने एकदा विचारलं, साहेब नाही म्हणाले, आणि तिने ऐकलं. दुसरी कुणी असती तर भांडली असती, नाहीतर गुपचूप पेटीचं झाकण उचकटलं असतं. हिने मान डोलावली आणि त्या वर्षाच्या पेटीची वाट बघत बसली. मला तिचा असा संताप यायचा! पण मी कोण बोलणार?

हो, एक सांगायचं राहिलं. त्या दैनिकाच्या बाइंडिंग खात्यात मी अकरा वर्षं होतो. हे मी तिला तेव्हाच सांगितलं, आणि छाती पुढे काढून सांगितलं. “ताई, काळजी करू नका. ते खंड माझ्या हातचे आहेत. एक अंक इकडचा तिकडे सापडायचा नाही.” ती म्हणाली, “बरं झालं.”

मधल्या काळात मी दोन-तीनदा तिच्या घरी गेलो. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, बाहेरच्या खोलीत आईची खाट आणि खाटेवरून दिसेल अशा भिंतीवर एक मोकळा खिळा. त्या खिळ्याला मी कधी काही लटकलेलं पाहिलं नाही. आई हसऱ्या होत्या, लेकीपेक्षा कितीतरी बोलक्या. पण गेल्या वर्षभरात त्या विसरायला लागल्या होत्या. पातेलं गॅसवर ठेवून विसरायच्या, शेजारणीचं नाव विसरायच्या. एकदा माझ्यासमोर त्यांनी लेकीला विचारलं, “त्याच्या भुवया जुळलेल्या होत्या का गं?” नाहीताई म्हणाली, “मला कसं माहीत असणार आई? मी लहान होते.” आई बराच वेळ स्वतःच्या कपाळावरून बोट फिरवत बसल्या. जिना उतरताना नाहीताई मला म्हणाली, “पेटीची पाळी लवकर यायला हवी काका.” एवढी घाई मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती.

यंदा त्या पेटीची पाळी आली. झाकण मीच काढलं. तो महिना शोधून खंड टेबलावर घेतला आणि पुठ्ठा सोडवला, तर आत माझाच टाका. शेवटची गाठ मी दुहेरी मारायचो, दुसरं कुणी मारत नसे. चाळीस वर्षांपूर्वीची आपलीच गाठ आपल्या हाताने सोडवताना जरा मजा वाटली. मी खंड उसवला, अंक मोकळे केले आणि तिच्याकडे सरकवले. ती पहिल्या तारखेपासून निघाली. मधलं काढून बघितलं नाही. एक, दोन, तीन. मी माझ्या कामाला लागलो. कॅमेऱ्याचा खटका एका लयीत वाजत होता, तो थांबला.

मी वळून पाहिलं. तिच्यासमोर तेरा तारखेचा अंक होता. डाव्या हाताला, नुकता फोटो काढून ठेवलेला, तोही तेरा तारखेचाच. तिने खालचा अंक उचलून पाहिला. पंधरा. मग तिने सगळे अंक एकदा मोजले. तीस. महिना तीस दिवसांचा.

हे काय आहे ते त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. आम्ही त्याला भरती म्हणायचो. खंड शिवायला घेतला आणि एखादा अंक कमी निघाला, तर नियमाप्रमाणे कागद भरायचा, गोदामातून अंक मागवायचा आणि तोवर खंड अडकून. दप्तराचा कारकून तारखा बघत नसे, वरून अंगठा फिरवून अंक मोजायचा. तीसचे तीस भरले की नोंदवहीत ‘पूर्ण’. म्हणून आम्ही आदल्या दिवसाची जादा प्रत मध्ये घालून शिवून टाकायचो. सगळेच करायचे. मला तो दिवस आठवतसुद्धा नाही. कदाचित शनिवार असेल आणि मला लवकर घरी जायचं असेल. याहून मोठं कारण काही नसणार.

नाहीताईने त्या दिवशी पंधरापासून तीसपर्यंत उरलेलं सगळं काम पूर्ण केलं. मग पेटीतले बाकीचे अकराही खंड मला उसवायला लावून एकेक अंक उलगडून पाहिला, चुकून दुसरीकडे शिवला गेला असेल म्हणून. मी धडाधड उसवत गेलो. चौदा तारीख कुठेच नव्हती.

दुसऱ्या एका गावच्या वाचनालयात याच दैनिकाचा आणखी एक संच होता. तिने तिकडे पत्र लिहिलं. आठ दिवसांनी उत्तर आलं. ते तिने वाचलं आणि माझ्या टेबलावर ठेवलं. तो संच नऊ वर्षांपूर्वी रद्दीत गेला होता. जागा नव्हती म्हणून त्यांनी त्या वेळी आमच्याकडे विचारणा केली होती, की तुमच्या खंडांत काय काय कमी आहे ते कळवा, तेवढं ठेवून बाकी काढतो. आमच्याकडून गेलेल्या यादीची नक्कल त्यांनी सोबत जोडली होती. पेट्या बंद, त्यामुळे यादी दैनिकाच्या नोंदवहीवरून केलेली. त्या वर्षापुढे लिहिलं होतं, पूर्ण. अक्षर छापल्यासारखं.

“सही माझीच आहे,” ती म्हणाली.

दोन दिवस मी गप्प बसलो. मला लाज वाटत होती आणि भीतीही वाटत होती. तिसऱ्या दिवशी डबा खाताना मी सगळं सांगितलं. भरती म्हणजे काय, कारकुनाचा अंगठा, माझी दुहेरी गाठ, आणि हेही, की हे काम माझंच आहे. ती भिंतीकडे बघत जेवत होती.

“मला कळलं होतं काका,” ती म्हणाली. “तुम्ही त्या दिवशी मोजायला पुढे आला नाहीत. एरवी तुम्ही सगळ्यात पुढे येता.”

“मला बोला काहीतरी ताई. शिव्या द्या.”

“काय बोलू?” तिने डब्याचं झाकण लावलं. “पुढच्या महिन्याचे अंक इकडे सरकवा.”

तिने शिव्या घातल्या असत्या, तर मी त्या डोक्यावर घेऊन घरी गेलो असतो. तिने तेवढंही दिलं नाही. दुपारी तिने पाटी घेतली, चौदा तारीख लिहिली, खाली ‘अंक उपलब्ध नाही’ लिहिलं, आणि पाटी कॅमेऱ्याखाली ठेवून खटका दाबला. मग ओल्या फडक्याने पाटी पुसली. दुसऱ्या दिवशीपासून सकाळी नाव टाकणं बंद झालं.

महिन्याभराने तिने माझ्यापुढे एक छापील कागद ठेवला. “एवढं पुठ्ठ्यावर डकवून द्या काका. मागे अडकवायला दोरा लावा.” एका पोराचा मोठा केलेला फोटो. छपाईचे ठिपके दिसत होते. सतरा-अठराचं वय, तेल लावून बसवलेले केस, भुवया जुळलेल्या. मी तो ओळखला. तेरा तारखेच्या अंकात, चौथ्या पानावर, ‘हरवले आहेत’ या सदरातला. कुणा दुसऱ्याचा.

मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, “आईला भुवया आठवत नाहीत आता. काल तिने मला ताई म्हणून हाक मारली.” आणि मग, “मला सांगू नका काही. डकवून द्या.”

मी डकवून दिला. कडा तासल्या, सुरकुती पडू दिली नाही, दोऱ्याला दुहेरी गाठ मारली. हात सवयीने काम करत होते. संध्याकाळी ती म्हणाली, तुम्हीही चला, म्हणून तिच्याबरोबर गेलो.

आई खाटेवर बसून होत्या. मला त्यांनी ओळखलं नाही, पण बसा म्हणाल्या. नाहीताईने पिशवीतून पुठ्ठा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. “आई, सापडला.”

आईंनी चष्मा लावला. फोटो जवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. बोट त्या भुवयांवरून फिरवलं, मग कानांवरून. नाहीताई भिंतीला टेकून उभी होती, कचेरीत उभी राहते तशी.

“हा आपला नाही,” आई म्हणाल्या. आवाज अगदी स्वच्छ होता. “त्याचा कान वरून थोडा दुमडलेला होता. माझ्यासारखा.” मग पुन्हा त्या पोराकडे बघत म्हणाल्या, “कुणाचा आहे हा?”

“असाच हरवलेला,” नाहीताई म्हणाली. “त्याच आठवड्यात.”

“मग? सापडला का त्यांना?”

नाहीताई भिंतीपासून सुटून खाटेच्या कडेला बसली.

“माहीत नाही आई,” ती म्हणाली. “पुढचा अंक नाहीये.”

आईंनी मान हलवली. मग पुठ्ठा माझ्याकडे दिला आणि समोरच्या खिळ्याकडे बोट केलं. “असू दे मग इथे,” त्या म्हणाल्या. मी उठून तो लावला आणि सरळ आहे ना ते बघितलं.