नातीचे कोरे कान

अलिबागच्या कोर्टातल्या बाकावर मला कधी धड बसता आलं नाही. उठायचो, दारातून आत डोकवायचो, परत यायचो. सरकारी वकीलबाई म्हणायच्या, "बाबा, बसा हो. तुम्हाला बघून माझाच जीव खालीवर होतो."

बसणार कसा? नात माझी. रेवसजवळ आमचं घर, मागची खोली एका बाईला भाड्याने दिलेली. एकटीच होती. नातीला कडेवर घेऊन हिंडायची, मला काका म्हणायची. एका दुपारी अंगणातून पोर गेली, बाईही गेली. तिसऱ्या दिवशी पोलिसांना ती मुंबईत भाऊच्या धक्क्याजवळ सापडली, पोर मांडीवर. म्हणाली, "जेटीवर एकटीच रडत होती. लाँच सुटत होती म्हणून संगती घेतली. परत आणणारच होते."

उचलताना कुणी पाहिलेलं नाही. नात तेव्हा बोबडं बोलायची, ती काय साक्ष देणार? वकीलबाई म्हणाल्या, "पाहणारा नसला तरी चालतो. एकेक गोष्ट जोडत न्यायची, मधली कडी तुटता कामा नये." एक कडी म्हणजे बाईची रिकामी खोली. परत येणारी बाई टोप-पातेली उचलून नेत नाही. दुसरी कडी नातीचे कान. घरातून गेली तेव्हा कोरे, सापडली तेव्हा कानांत सोन्याच्या तारेच्या बाळ्या. जी पोर परत द्यायची तिचे कान कोण टोचतो?

पण ज्या सोनाराने टोचले, त्याला बाईचा चेहराच आठवेना. मोबाइलमधल्या फोटोंत कान केसांखाली. बाईच्या वकिलाने मला पिंजऱ्यात धरलं. "आजोबा, आपल्याकडे बारशाला कान टोचतात. तुमची नात चालायला लागली तरी कान कोरे? कुणाला पटेल?"

कारण मी वकीलबाईंनाही सांगितलं नव्हतं. घरची भांडणं सरकारला कशाला? पण आता गप्प राहिलो तर कडी तुटत होती.

म्हटलं, "टोचताना पोर मामाच्या मांडीवर बसते. आन् तिच्या मामाला मी उंबरा चढू देत न्हाय."

"का बरं?"

"माझ्या पोराच्या लग्नानंतरच्या पूजेला जेवायला बसला नि म्हणाला, मिठागरवाल्यांनी आमटीत खाडीच ओतलीय."

कोर्ट हसलं. मी हसलो नाही. बापजाद्यांचे पाय मिठाने फुटलेले मी पाहिलेत. त्या दिवशीच सांगितलं होतं, हा परत माझ्या दारात दिसता कामा नये. सूनही तसलीच. "टोचायचे तर माझ्या भावाच्याच मांडीवर, न्हायतर न्हाय." म्हणून राहिले.

"गोष्ट छान रचलीत," वकील म्हणाला.

पुढच्या तारखेला वकीलबाईंनी त्या मामालाच साक्षीला बोलावलं. बाकाच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला मी, मध्ये सुनेची पिशवी. 'मला काय ठाऊक न्हाय' एवढं म्हणाला असता तरी त्याचा सगळा हिशोब चुकता झाला असता. विनवणी मात्र मी केली नाही.

पिंजऱ्यात उभा राहून तो म्हणाला, "व्हय, बोललो होतो. आमटी खारटच होती."

परत हशा. मी मुठी आवळल्या.

"भाची मला बाजारात भेटायची, बहीण आणायची. दर खेपेला मी केस मागं सारून कान बघायचो. म्हाताऱ्याने माझ्या मागारी टोचून घेतले का म्हणून. पोर गेली त्याच सकाळी बघितले. कोरे होते."

"बहिणीच्या सासऱ्यासाठी खोटं बोलताय."

"ह्यांच्यासाठी? ह्यांच्या हातचं पाणी प्यायलो न्हाय मी."

बाईला शिक्षा झाली. जजसाहेबांनी निकालात म्हटलं, म्हाताऱ्याचं भलं चिंतण्याचं ज्याला काही कारण नाही, तोही तेच सांगतो. बाई जाताना 'काका' म्हणाली. मी मान फिरवली.

फाटकापाशी मामा चप्पल घालत होता. मी म्हटलं, "रविवारी ये. सोनार बोलावतो."

"जेवायला काय?"

"आमटी."

बाळ्या मुद्देमालात जमा होत्या, भोकं बुजत आलेली. रविवारी मामा ओटीवर मांडी घालून बसला. नात हसत जाऊन बसली. सोनाराने डबी उघडली मात्र, तिने दोन्ही कान तळहातांनी गच्च झाकले. ओरडली नाही, रडली नाही. मामाने माझ्याकडे पाहिलं. मीच सोनाराला म्हटलं, "राहू दे."

सोनार फाटकाबाहेर गेला तरी तिने हात काढले नाहीत.