शेडमध्ये कुटुंबं शून्य

किसनबाबांचं नाव यादीत नव्हतं. नामदेवभाऊंचं दोनदा होतं.

यादी चिकटवून मी मागं वळले तर बाबा दोन नातवंडांना घोंगडीत घेऊन पुढ्यात उभे. "ताई, आमचं काय चुकलं?" मला काहीच कळेना. सगळी माहिती मीच भरली होती.

मी गडचिरोलीकडची, शाळा नववीत सुटलेली. जुन्नरच्या संस्थेतल्या मॅडमनी तरीही कामावर घेतलं, राहायला खोली बघून दिली. त्यांचे उपकार आहेत, म्हणून कामात चूक नको, असं मला फार वाटतं.

काम असं. घाटघरच्या वरच्या अंगाला एका वाडीचा डोंगर पावसाळ्यात खचू लागला, तेव्हा माणसं खाली आणून ओळीनं बांधलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली, एका घराला एक शेड. थंडीत पत्रा आतून दव गाळतो. संस्था सगळ्यांना एकसारखी ब्लँकेटं न वाटता खात्यात पैसे देणार होती, कारण कुणाला स्वेटर लागतं, कुणाला सरपण, कुणाला औषध. ऑफिसात याला विंटर कॅश म्हणतात. एका कुटुंबाला एक रक्कम. मी टॅबवरचा प्रश्न वाचायचा आणि उत्तर भरायचं.

मी मॅडमना फोन लावला, बाबा नातवंडं घेऊन उभे आहेत म्हणून सांगितलं.

"बाबांना तू काय विचारलंस?"

"लिहिलंय तेच. या शेडमध्ये कुटुंबं किती."

"मग?"

"ते म्हणाले, एक बी न्हाई. मला वाटलं, एकट्या माणसाला कुटुंब म्हणत नसतील. शून्य भरलं."

"आणि नातवंडं?"

"शाळेत होती. शून्य भरल्यावर पुढचे प्रश्न येतच नाहीत, मॅडम."

"उद्या मीच येते," मॅडम म्हणाल्या. मला वाटलं, आता घरी पाठवणार.

बाबांनी ऐकलं होतं. "मंग काय खोटं सांगू? आमचं कुटुंब जाऊन चार वर्सं झाली."

"कुठं गेलं?" मी विचारलं.

बाहेर बसलेल्या बायका हसू लागल्या. एक म्हणाली, "अगं ताई, कुटुंब म्हंजी बायकू. म्हातारी वारली त्यांची."

नामदेवभाऊ शेजारच्या दारातून म्हणाले, "मी काय लपवलं न्हाई. दोन हायेत, दोन सांगितली."

"लई हुशार," बाबा म्हणाले. "दोन बायका, तर थंडी बी डबल. आता म्या या वयात लगीन करू व्हय, ताई?"

दुसऱ्या दिवशी मॅडम स्वतः आल्या. लिस्ट लॉक झाली होती. नाव घालायचं तर पुन्हा तपासणी, आणि हेड ऑफिसला खुलासा. संस्थेच्या नियमात एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. बाबांची चूल एक, माणसं तीन. नामदेवभाऊंकडे गेलो, तर दोघी वहिनी एकमेकींशी बोलत नव्हत्या आणि चुलीही दोन. म्हणजे चुकून भरलेलं ते बरोबर निघालं. मी आणखीच गोंधळले.

खुलासा मी मराठीत लिहिला, मॅडमनी इंग्रजीत केला. हेड ऑफिसची उलट विचारणा आली: बायको वारली तर कुटुंब शून्य कसं? मॅडमनी डोक्याला हात लावला. त्यात आणखी पंधरा दिवस गेले. धाकटी नात खोकायला लागली. शेडवर गेले की मी बाबांच्या दारावरून खाली मान घालून जायची.

शेवटी बँकेचा मेसेज आला. मीच वाचून दाखवला. बाबा म्हणाले, "म्हंजी तुमच्या हापिसाला पटलं. बायकू नसली तरी माणूस गारठतो." पुढच्या बाजारी पोरांना स्वेटर आले, नातीला औषध, आणि पत्र्याखाली ताडपत्री लागली.

मला कामावरून काढलं नाही. फॉर्ममधला प्रश्न मात्र बदलला: एका चुलीवर जेवणारी माणसं किती. तरी मी प्रत्येक प्रश्न वाचून झाल्यावर आधी विचारते, यातनं तुम्हाला काय समजलं. मॅडम म्हणतात, त्यानं काम हळू होतं.

होतं.