जयवंताची खिंड

"नागद्वारच्या वाटेनं लोखंडी शिड्या हायेत. अर्ध्यात दम लागला त खांद्यावर घिऊन फिरू का तुले?" भैय्याजी ओरडले.

"नेल्याबिगर कसं समजन, दम किती हाये त?" जयवंताही काही कमी नव्हती.

त्या नवरा-बायकोच्या अन् माझ्या घराची भिंत एकच. भाजी निवडता निवडता सगळं ऐकलं. पंचवीस वर्षं झाली त्याला. भैय्याजी हिंगण्याच्या कंपनीत होते. दर नागपंचमीला मित्रांसंगं पचमढीच्या पहाडात नागद्वारला जायचे. जयवंता पिशवी भरून द्यायची अन् मागं राहायची.

मग लेक मयुरा पुण्यात कमवायला लागली. तिनं आईला किरगिझस्तानात पहाड चढायला न्यायचं ठरवलं. तिथं आधी लाल झेंड्याचं राज्य होतं म्हणे. आता तंबू, घोडे अन् गवत. जयवंता महिनाभर साडीवर बूट घालून गल्लीत चालली. पोरं हसली. ती चालतच राहिली.

खिंड चढायचा दिवस नेमका नागपंचमीचा निघाला. आमच्याकडे त्या दिवशी तवा चढत नाही, विळी चालत नाही. तंबूवालीनं मायेनं तव्यावरची रोटी पुढं केली, हिनं हात जोडले. उपाशीच निघाली. अर्ध्या चढावर डोळ्यांपुढं अंधारी आली. वाटाड्या घोडा घेऊन आला, खाली चला म्हणाला.

"काहून उपाशी राहिली वं आई? इथच्या नागाले काय मालूम तुझा तवा?" मयुरा रडकुंडीला आली.

"नागाले नसन. मले हाये न."

शेवटी वाटाड्यानं खिशातून दह्याच्या सुकलेल्या गोळ्या काढल्या. नुसत्या उन्हात वाळवलेल्या. जयवंतानं तीनदा विचारून घेतलं, मगच एक तोंडात टाकली. "गोटाच होता वं मावशी, आंबट गोटा," मला सांगताना हसली. तसे चार गोटे चघळत, घोडा मागं ठेवून, ती आपल्या पायांनी खिंडीवर पोचली.

संध्याकाळी तिचा फोन लागला, स्पीकरवर. भैय्याजी ओरडले, "दम लागला का?"

"लागला. बसली, अन् उठली."

भिंतीपलीकडून भैय्याजींचा आवाज पहिल्यांदाच हळू आला, "आता खाय काही."

पुढच्या साली भैय्याजी स्वतःहून म्हणाले, "चालतं का नागद्वारले?"

"तुम्ही जा. माझा पहाड झाला." अन् नेहमीसारखी त्यांची पिशवी भरून दिली.

यंदा माघात ती गेली, झोपेतच. आदल्या दुपारी चक्कीवरून माझं दळण घेऊन आली होती, दर आठवड्यासारखी. डबा दारात ठेवला.

"पीठ गरम हाये मावशी. झाकण नका लावू अजून."

अन् भैय्याजींचा चहा टाकायला गेली.